हुकूमशाहीचे मूळ ग्नॉस्टिक पंथात नाही

विसाव्या शतकातील हुकूमशाह्यांचे वैचारिक मूळ प्राचीन ग्नॉस्टिक पंथांत आहे, हे मत गेली सत्तर वर्षे राजकीय तत्त्वज्ञानात प्रतिष्ठेने वावरते आहे. त्याचे प्रवर्तक एरिक फेगेलिन. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ साली त्यांना व्हिएन्ना सोडून अमेरिका गाठावी लागली. हुकूमशाही त्यांनी पुस्तकातून वाचली नव्हती, सोसली होती. म्हणून १९५२ साली ‘द न्यू सायन्स ऑफ पॉलिटिक्स’मध्ये त्यांनी हे निदान मांडले, तेव्हा त्याला वजन आले.

त्यांचा पूर्वपक्ष असा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्नॉस्टिकांना हे जग मुळातच सदोष आणि परके वाटे. त्यातून सुटण्याचे गुह्य ज्ञान आपल्यापाशी आहे, असे ते म्हणत. आधुनिक क्रांतिकारकही तेच म्हणतो. चालू जग नासलेले आहे, इतिहासाचे रहस्य मला उमगले आहे आणि त्या बळावर मी नवा मानव घडवणार. फरक इतकाच, की मोक्ष परलोकातून उचलून इहलोकात आणला गेला. या हिशेबाने मार्क्सवादही ग्नॉस्टिक आणि नाझीवादही ग्नॉस्टिक.

मांडणी रेखीव आहे, पण ती खरी नाही. ते दाखवायला स्टीफन होलर यांच्या चरित्राइतका चोख पुरावा दुसरा नाही. होलर स्वतःला उघडपणे ग्नॉस्टिक म्हणवतात आणि त्या परंपरेच्या चर्चचे बिशप आहेत. जन्म १९३१ सालचा, बुडापेस्टचा, संस्कार कॅथलिक. हंगेरीत कम्युनिस्ट सत्ता आली आणि त्यांना देश सोडावा लागला. ऑस्ट्रियामार्गे ते अमेरिकेत आले आणि लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावले. १९६७ साली रिचर्ड, ड्यूक द पालातीन यांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. तेव्हापासून ‘एक्लेसिया ग्नॉस्टिका’ ही त्यांच्या आयुष्याची साधना झाली. तिथे मिस्सा होते, व्याख्याने होतात, आणि स्त्रियांनाही धर्मगुरुपदाची दीक्षा मिळते. फेगेलिन यांचे म्हणणे खरे असते, तर या माणसात एखादा लेनिन दडलेला सापडायला हवा होता. सापडतो तो राज्यसत्तेच्या अतिरेकाचा आयुष्यभराचा विरोधक. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या वर्षी, १९९२ मध्ये, त्यांनी ‘फ्रीडम : अल्केमी फॉर अ व्हॉलंटरी सोसायटी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. परिवर्तन माणसाच्या अंतरंगात होते, ते सक्तीने लादता येत नाही, म्हणून समाज स्वेच्छेवरच उभा राहिला पाहिजे, ही त्याची भूमिका.

कोणी म्हणेल, एका माणसाच्या मतांवरून सिद्धान्त कसा पडेल? निर्वासिताला कम्युनिझमचा तिटकारा असणारच. त्यात ग्नॉस्टिकत्व कुठे आले? आक्षेप रास्त आहे. म्हणून होलर यांची भूमिका ग्नॉस्टिक मिथकातूनच निघते का, हे पाहायला हवे. इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे सापडलेल्या प्राचीन ग्नॉस्टिक ग्रंथांत जगाचा निर्माता हा परमेश्वर नव्हे, एक अज्ञानी, गर्विष्ठ शक्ती आहे. माझ्याखेरीज दुसरा देव नाही, अशी तो घोषणा करतो आणि त्याच्याही वर काही आहे हे त्याला ठाऊकच नसते. त्याच्या हाताखालचे आर्कोन, म्हणजे या जगाचे सत्ताधीश, माणसाला त्याच्या खऱ्या स्वरूपाचा विसर पाडतात. आपल्यावर कोणतेच प्रमाण न मानणारी सत्ता याहून नेमकी कशी रंगवणार? जो साधक हे मिथक रोज मनात वागवतो, तो नेत्याच्या पुतळ्यापुढे लोटांगण घालणार नाही. शिवाय दोष विश्वाच्या घडणीतच असेल, तर तो कोणत्याही पंचवार्षिक योजनेने जाणार नाही. पृथ्वीवर स्वर्ग उतरवण्याचे स्वप्न ग्नॉस्टिकाला पडूच शकत नाही.

फेगेलिन यांचे समर्थक यावर म्हणतात, की आधुनिक रूपात पारलौकिक भाग गळून गेला आहे. पण तोच गळला, तर उरले ते ग्नॉस्टिक कसे? आणि या इहलौकिक आशेची वंशावळ लिहिताना स्वतः फेगेलिन कोणापाशी थांबतात? १२०२ साली निवर्तलेल्या फ्योरेच्या योआकिमपाशी. इतिहासाची तीन युगे सांगणारा आणि तिसऱ्या, आत्म्याच्या युगाची वाट पाहणारा हा ख्रिस्ती मठाधिपती होता. त्याच्या युगकल्पनेचे मूळ बायबलच्या भविष्यवाणीत आहे, ग्नॉस्टिक ग्रंथांत नाही. सोयरसुतक एका घराचे आणि दोष शेजारच्या घराला, असा हा न्याय झाला.

यामागे पुराव्याचीही अडचण होती. नाग हम्मादीच्या तेरा पोथ्या १९४५ साली इजिप्तमध्ये सापडल्या, पण त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर व्हायला १९७७ उजाडले. फेगेलिन लिहीत होते तेव्हा ग्नॉस्टिकांची ओळख बव्हंशी इरेनेउससारख्या त्यांच्या कट्टर विरोधकांच्या लेखणीतून होत होती. पुढे फेगेलिन यांनीही ग्नॉसिस हा अनेक घटकांपैकी एक असल्याचे मान्य केले. त्यांच्या अनुयायांनी मात्र शिक्का तेवढा जपून ठेवला.

आणखी एक आक्षेप उरतो. आजच्या ग्नॉस्टिक चर्चला प्राचीनांपासूनची अखंड गुरुपरंपरा नाही. फ्रान्समध्ये ज्यूल दॉइनेल यांनी १८९० साली ती नव्याने उभी केली. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण इथे प्रश्न वंशाचा नाही, विचाराच्या फलश्रुतीचा आहे. होलर यांनी मूळ ग्रंथ, युंगचे मानसशास्त्र आणि चर्चचा उपासनाविधी यांची सांगड घातली. युंगने १९१६ साली प्राचीन ग्नॉस्टिक आचार्य बॅसिलिडीसच्या नावाने लिहिलेल्या ‘मृतांना सात प्रवचने’ या कृतीवरचा त्यांचा ग्रंथ १९८२ साली आला. त्या साऱ्या कामातून घडतो तो स्वतःची सावली, म्हणजे आपल्यातलीच नाकारलेली बाजू, ओळखणारा माणूस. ती शत्रूवर ढकलून त्याला संपवायला निघालेला नव्हे.

हुकूमशाहीची मुळे शोधणे हे आजही निकडीचे काम आहे, म्हणूनच चुकीचे निदान घातक ठरते. आपल्या आत्म्यावर राज्याचा हक्क नाही असे मानणाऱ्यांनाच आपण आरोपी ठरवले, तर खरा आरोपी मोकळा सुटतो. तो आरोपी म्हणजे माणसाच्या अंतरंगात काही अस्पर्श, अजिंक्य असे शिल्लक राहू न देणारी सत्ता. होलर यांनी ती बुडापेस्टमध्ये ओळखली आणि जन्मभर तिच्याविरुद्ध साक्ष दिली.