पाटी वाचणाऱ्याची

मुंबईतल्या मराठी पाट्यांचा वाद अस्मितेचा म्हणून मांडला जातो. माझ्या मते तो त्याहून अधिक समतेचा आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला दुकानाची पाटी वाचता आली नाही, तर दार उघडे असूनही ते दुकान आपल्यासाठी नाही, हे त्याला न सांगता कळते. १९४८च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील नियमांत मराठी नामफलकाची सक्ती पुढे आली, पण ती बरीचशी कागदावरच राहिली. पाटीभर ठसठशीत रोमन अक्षरे आणि खाली कोपऱ्यात, रस्त्यापलीकडून दिसणारही नाही अशी बोटभर देवनागरी, एवढ्यावर नियम पाळल्याचे समाधान मानले जाई. २००८मध्ये मनसेने दुकानांसमोर आंदोलन केले तेव्हा पाट्या भराभर बदलल्या. पण दगडाच्या धाकाने बदललेली पाटी हा कायद्याचा विजय नव्हे. २०१७च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने वगळली आणि गल्लीबोळातला मोठा व्यापार नियमाबाहेर गेला. २०२२च्या दुरुस्तीने ही फट बुजवली. तिचा खरा जीव अक्षरांच्या आकारात आहे : देवनागरी मराठी आधी हवी आणि इतर कोणत्याही लिपीपेक्षा लहान नको. कोपऱ्यातली भाषा त्यामुळे पाटीच्या माथ्यावर आली.

व्यापाऱ्यांचा आक्षेप होता की, आपल्या पाटीची भाषा ठरवणे हे आपले स्वातंत्र्य आहे. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांची याचिका २५ हजार रुपयांचा खर्च लादून फेटाळली. न्यायालयाचा मुद्दा बिनतोड होता : इतर भाषांना मनाई कुठेच नाही. गुजराती, उर्दू, इंग्रजी पाटी तशीच राहते, तिच्या जोडीला मराठी येते. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३मध्ये पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. खर्चाचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. मोठ्या शोरूमला नवी झगमगती पाटी म्हणजे किरकोळ बाब. टपरीवजा दुकानाला तोच खर्च टोचतो. पालिकेने दंड कामगारांच्या संख्येवर बेतला, दरडोई २ हजार रुपये, हे योग्यच झाले. पण दंडात जो विचार केला तो पाटीच्या खर्चात झाला नाही. लहान दुकानदाराला अधिक मुदत आणि मदत दोन्ही मिळायला हवी होती.

आपल्या न्यायबुद्धीची कसोटी बेळगावात लागते. कर्नाटकाने २०२४मध्ये पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला देणे बंधनकारक केले. तिथे कन्नड पाटी हवीच. राज्यभाषा वाचणाऱ्याचा हक्क तिथेही तोच आहे. पण जागेची टक्केवारी ठरली की, शहरातल्या मराठी ग्राहकाची लिपी उरलेल्या पट्टीत दाटीवाटीने बसते. मुंबईतली कोपऱ्यातली देवनागरी आपल्याला अन्यायाची वाटत होती, तर बेळगावातली आक्रसलेली देवनागरीही अन्यायाचीच म्हणायला हवी, आणि उद्या मुंबईत कुणी गुजराती किंवा उर्दू अक्षरे पुसायला निघाला तर त्यालाही आपणच अडवायला हवे. राज्यभाषा आधी आणि समान आकारात, शेजारी बाकीच्या भाषांना मोकळीक, हा महाराष्ट्राचा नियम कर्नाटकाच्या टक्केवारीपेक्षा न्याय्य आहे. बेळगावच्या मराठी माणसाने मागणी करायची तर याच नियमाची करावी.