लुगडं गेलं लढाईला

दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आम्ही शाळेत शिकलो तो हिटलर, चर्चिल आणि हिरोशिमाचा. त्या लढाईच्या दिवसांत सातारा भागातल्या बायकांनी दिवाळीला काय मागितलं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते मला आजीकडून कळलं.

पाडव्याला नवरा ओवाळणी घालतो, भाऊबिजेला भाऊ. कुणबाऊ घरातल्या बाईला वर्षात हक्कानं मागायचे दिवस एवढे दोनच. एरवी काही लागलं तर सासूच्या तोंडाकडं बघायचं. भाऊबिजेचं लुगडं आलं, की हिचं माहेर अजून उभं आहे हे साऱ्या आळीला कळायचं.

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तिकडचं रॉकेलही बंद झालं. आमच्या गावाचा आणि रंगूनचा काय संबंध, असं वाटेल. पण गावातल्या चिमण्या लवकर विझायला लागल्या त्या तेव्हापासून. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं, घरोघरी कार्डं आली. खेड्यात आलं ते कंट्रोल. साखरेला कंट्रोल, रॉकेलला कंट्रोल, कापडाला कंट्रोल. आमच्याकडच्या म्हाताऱ्या रेशनच्या दुकानाला अजून 'कंट्रोल'च म्हणतात.

सगळ्यात वाईट हाल कापडाचे. गिरण्या चालू होत्या, कापूसही आपल्याच रानातला. पण मागावर लष्कराचं कापड चढलं आणि बाहेरदेशाहून येणारं थांबलं. हातमागवाल्या साळ्या-कोष्ट्यांना सूत मिळेना. जून १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीनं कापडावर विक्रीची किंमत छापायची, असा नियम झाला. आजीला अक्षर येत नव्हतं, पण शिक्का तिला ठाऊक होता. "शिक्क्यावरचा आकडा एक, अन् दुकानदाराच्या तोंडातला दुसरा," असं ती म्हणायची. पुढच्या दारानं विचारलं तर माल संपलेला, मागच्या दारानं तिप्पट भावात हजर. 'काळा बाजार' हा शब्द आमच्या बायकांच्या तोंडी बसला तो त्याच दिवसांत.

गड्यांचं कसंतरी भागायचं. धोतर फाटलं तर पंचा, पंचा फाटला तर लंगोटी. रानात कोण बघतंय? बाईला नऊ वार लागायचे, आणि ते अंगावर धड असल्याबिगर उंबरा ओलांडता यायचा नाही. आमच्या घरात आजी आणि तिची जाऊ, दोघींत मिळून एकच धडकं लुगडं. एक बाजाराला गेली, की दुसरी दंड घातलेलं नेसून घरात बसायची. दंड घालणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. लुगडं एका जागी विरतं, बाकीचं टिकून असतं. विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन जुनेरांचे धड तुकडे जोडून एक लुगडं करायचं. शिवण दिसू नये म्हणून ती निऱ्यांत दडवायची.

१९४४ च्या भाऊबिजेला आजीचा धाकटा भाऊ आला. काय आणू, असं त्यानं आधीच निरोप धाडून विचारलं होतं. आजीनं सांगितलं, "लुगडं ऱ्हाऊ दे अप्पा. चार सुया आण, अन् दोऱ्याचं एक रीळ." जावेनं तिच्या भावाकडं रॉकेलची बाटली मागितली. चुलतसासू म्हणाली, गूळ दे, पोरांना करंज्या करते. भावकीतल्या एकीनं राणीछाप रुपया मागितला. १९४० पासून नव्या रुपयात चांदी निम्मीच राहिली होती आणि एक रुपयाची नोटही निघाली होती. अडीनडीला मोडायला जुनी चांदीच बरी, हा तिचा हिशोब. शिवाय ओवाळणीच्या ताटात नोट वाजत नाही. पैशालाही १९४३ पासून मधोमध भोक पडलं होतं. पोरी तो भोकाचा पैसा दोऱ्यात ओवून गळ्यात घालायच्या.

सुया, रॉकेल, गूळ, जुना रुपया. एकीनंही मिरवायचं काही मागितलं नाही. ज्या दिवशी हक्कानं मागायचं, त्या दिवशीही त्यांनी घरातलं भोकच आधी बघितलं.

आजीचा थोरला भाऊ मराठा पलटणीत होता, इटलीच्या आघाडीवर. त्याची मनिऑर्डर माहेरी यायची, त्यातले चार रुपये बहिणीकडंही पोचायचे. म्हणजे पैसा होता, कापड नव्हतं. गिरण्या पलटणीचं कापड विणतात, असं कुणीतरी सांगितल्यावर आजी म्हणाली, "मग जाऊ दे. दादाच्या अंगावर तर गेलं." ऐकणाऱ्याला हा त्याग वाटतो. मला त्यात तिनं घातलेली स्वतःची समजूत दिसते. लढाई कुणाची, तिच्यात दादानं का जायचं, आपलं लुगडं का जायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या भाऊबिजेला धाकट्याला ओवाळून झाल्यावर तिनं थोरल्याच्या नावानं चंद्राला ओवाळलं. तेवढं एक मागणं तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

तो १९४६ मध्ये परत आला. हातीपायी धड होता, बोलायचा मात्र कमी. त्या दिवाळीला त्यानं बहिणीला पलटणीतलं करड्या रंगाचं ब्लँकेट घातलं. मी लहानपणी त्याच्यात झोपलोय. टोचायचं फार, पण थंडी शिरू द्यायचं नाही.

लुगडं मात्र लढाई संपली तरी सहज मिळेना. १९४८ च्या सुरुवातीला कापडावरचं कंट्रोल उठलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा बसवावं लागलं. तोवर देश स्वतंत्र झालेला. पुस्तकात लढाई १९४५ ला संपते. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "दुकानात जाऊन सरळ भावानं लुगडं घेतलं, तवा संपली."

त्या वेळी दहा-बारा वर्षांच्या असलेल्या पोरी आता नव्वदी ओलांडून गेल्यात. गावात दोन-तीन उरल्या असतील. तुमच्या घरी, शेजारी अशी कुणी असेल तर यंदाच्या दिवाळीत तिच्यापाशी बसा, आणि लढाईच्या साली तुमच्या आईनं भावाकडं काय मागितलं होतं, एवढं विचारा.