तपासणाऱ्याची सही

‘=’ हे चिन्ह मुलांना पहिलीतच भेटते. दोन अधिक तीन बरोबर पाच. डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मुले ‘सी’ ही संगणकाची भाषा शिकू लागली, की या जुन्या ओळखीच्या चिन्हाशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. तिथे ‘क = ०’ असे लिहिले तर त्याचा अर्थ ‘क ची किंमत शून्य कर’ असा होतो. ‘क ची किंमत शून्य आहे का?’ असे विचारायचे असेल तर चिन्ह दोनदा लिहावे लागते : ‘क == ०’. पहिली आज्ञा आहे, दुसरा प्रश्न. नवशिके यात हमखास चुकतात आणि संगणकही बहुधा तक्रार न करता पुढे जातो.

नोव्हेंबर २००३ मध्ये नेमकी हीच ‘चूक’ लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या एका सार्वजनिक प्रतीत कोणीतरी मुद्दाम करून ठेवली. घातलेल्या ओळी दोनच होत्या. ‘वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का?’ असा निरुपद्रवी प्रश्न त्या विचारत आहेत, असे वरवर वाटे. प्रत्यक्षात त्या वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य करून टाकत. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला सर्वाधिकार असतात. म्हणजे ही युक्ती माहीत असलेला कोणीही संगणकावर शिरकाव मिळताच त्याचा मालक होऊन बसला असता.

तसे झाले नाही. का झाले नाही, हे समजून घ्यायचे तर तपासणीच्या एका पद्धतीचा इतिहास पाहावा लागेल.

गाभा आणि ठिगळ

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. कोणत्या आज्ञावलीला प्रोसेसर किती वेळ मिळावा, कोणी स्मृतीचा कोणता भाग वापरावा, डिस्कवरची कोणती फाइल कोणाला उघडता यावी, हे सारे कर्नल ठरवतो. शाळेतले वेळापत्रक, प्रयोगशाळेच्या किल्ल्या आणि कपाटांच्या चाव्या एकाच माणसाच्या हाती असाव्यात, तसा हा कारभार आहे. एखाद्या खेळाच्या आज्ञावलीत चूक राहिली तर खेळ बिघडतो. कर्नलमध्ये चूक राहिली तर सगळी कपाटे उघडी पडतात.

आपल्यापैकी अनेकांच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ २०२० साली त्याच यादीत ६३व्या क्रमांकावर होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापाच्या उपकरणालाही लिनक्सचाच संगणक जोडलेला आहे. त्या कर्नलची एकही ओळ आम्ही वाचलेली नाही आणि तरीही त्याने दिलेल्या आकड्यांवर आम्ही विश्वास ठेवतो. हा विश्वास कशावर उभा आहे, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

आज्ञावलीत करायच्या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ म्हणतात. आज्ञावल्या कागदी फितीवर भोके पाडून लिहिल्या जात, त्या काळी चुकीच्या जागी खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत असत. तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. पुढे कागद गेला आणि शब्द राहिला. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सची सुरुवात केली. तिथेच डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ ही छोटी आज्ञावली लिहिली आणि १९७४ च्या युनिक्सबरोबर ती लोकांपर्यंत पोचली. जुनी आणि नवी अशा दोन फाइली दिल्या, की त्यांच्यातला फरक तेवढा ती काढून देते. आज हा फरक सहसा असा लिहितात : काढलेल्या ओळीपुढे उणे चिन्ह, घातलेल्या ओळीपुढे अधिक चिन्ह. मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी याच्या उलट काम करणारी ‘पॅच’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिला हा फरक दिला, की ती जुन्या फाइलीत योग्य जागा शोधून बदल करते.

यामुळे लाख ओळींची आज्ञावली पुन्हा न पाठवता वीस ओळींची दुरुस्ती ई-मेलने जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडता येऊ लागली. पण त्याहून महत्त्वाचा फायदा वाचणाऱ्याचा झाला. विद्यार्थ्याने अख्खा निबंध पुन्हा लिहून आणला तर काय बदलले हे शोधण्यातच शिक्षकाचा वेळ जातो. फक्त बदल समोर आला, की त्याचे सारे लक्ष त्या बदलाच्या योग्यायोग्यतेकडे लागू शकते.

एकट्याच्या डोळ्यांखाली

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये बाहेर पडलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असल्यामुळे लोक ती वाचून दुरुस्त्या पाठवू लागले. टोरवाल्ड्स प्रत्येक पॅच स्वतः वाचत आणि पटला तर घेत, नाहीतर सोडून देत.

दहा हजार ओळी एका माणसाच्या डोक्यात मावतात. मार्च १९९४ च्या १.० आवृत्तीत त्या पावणेदोन लाखांवर गेल्या आणि जानेवारी १९९९ च्या २.२ आवृत्तीत सुमारे १८ लाख झाल्या. वाचणारा मात्र शेवटी एकच होता. पाठवलेले पॅच उत्तराविना हरवू लागले. लोक तेच पॅच पुन्हा पुन्हा पाठवू लागले आणि त्यामुळे ढीग आणखी वाढला. १९९८ च्या शरद ऋतूत या त्राग्याचे रूपांतर उघड भांडणात झाले. तोडगा म्हणून कामाची विभागणी हळूहळू पक्की होत गेली. नेटवर्क, फाइलींची व्यवस्था, निरनिराळ्या उपकरणांचे चालक अशा प्रत्येक भागाला स्वतःचा सांभाळणारा, म्हणजे ‘मेंटेनर’, असतो. दुरुस्ती आधी त्याच्याकडे जाते. त्याने तपासून निवडलेला गठ्ठा वर जातो आणि शेवटी टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोचतो. वरच्याने खालच्याची प्रत्येक ओळ पुन्हा वाचलेली असतेच असे नाही. खालच्याने ती वाचली आहे, यावर त्याचा विश्वास असतो.

मागील पानावरून पुढे

एवढ्या बदलांचा हिशेब ठेवण्यासाठी फेब्रुवारी २००२ पासून ‘बिटकीपर’ ही आज्ञावली वापरात आली. ती एका खाजगी कंपनीची होती आणि काही अटींवर विनामूल्य दिलेली होती. ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी मुख्य साठ्यातून आपोआप तयार होणारी एक सार्वजनिक प्रत वेगळ्या संगणकावर ठेवली जाई. २००३ साली ज्या प्रतीत त्या दोन ओळी घुसवल्या गेल्या, ती हीच.

घुसखोराने मुख्य साठ्याला हात लावला नव्हता. त्यामुळे नेहमीच्या ताळ्यात ती प्रत मूळ साठ्याशी जुळेना. एका फाइलीतला बदल असा होता, की तो कोणी मंजूर केल्याची नोंदच नव्हती. बिटकीपरचे कर्ते लॅरी मॅकव्हॉय यांनी हे सर्वांना कळवले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘जुळत नाही’ एवढेच यंत्राने सांगितले होते. तो बदल किरकोळ गफलत आहे की दरोडा, हे यंत्राला ठाऊक नव्हते. कोणीतरी विचारले, की बदललेल्या ओळी आहेत तरी कोणत्या? ओळी समोर आल्या, माणसांनी त्या वाचल्या, आणि तेव्हा कुठे एकेरी ‘=’ दिसले. ते घालणारा कोण, याचा शोध लागला नाही.

एप्रिल २००५ मध्ये एका वादानंतर बिटकीपरची विनामूल्य परवानगी संपली आणि टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत ‘गिट’ ही स्वतःची नोंदप्रणाली उभी केली. तिची मुख्य कल्पना जुन्या कीर्दवहीसारखी आहे. कीर्दीच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ ‘मागील पानावरून पुढे’ अशी असते. जुन्या पानावरचा एक आकडा खोडला, की पुढच्या सगळ्या पानांच्या बेरजा चुकतात. गिटमध्ये प्रत्येक बदलाच्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक खूण काढली जाते आणि ती काढताना आधीच्या बदलाची खूणही हिशेबात घेतात. त्यामुळे मागचे एक अक्षर गुपचूप बदलले तरी पुढच्या साऱ्या खुणा बदलतात.

सही कशासाठी?

मार्च २००३ मध्ये एस.सी.ओ. या कंपनीने आय.बी.एम. वर दावा लावला. युनिक्सचा आपल्या मालकीचा मजकूर लिनक्समध्ये गेल्याचा तिचा आरोप होता. कोणती ओळ कोणाकडून आली, हे सांगता येणे त्यामुळे निकडीचे झाले. मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सुचवले, की प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याने आपले नाव घालून सही करावी. ‘हा मजकूर देण्याचा मला अधिकार आहे’ असा त्या सहीचा अर्थ. पॅच ज्यांच्या हातातून वर जाई, तेही खाली सही करू लागले. पुढे आणखी सह्या आल्या : ‘मी तपासले’, ‘मी चालवून पाहिले’, ‘हा दोष मी कळवला’. कायद्याच्या कटकटीतून सुरू झालेली ही रीत अशा तऱ्हेने जबाबदारीची नोंदवही झाली.

‘मी तपासले’ अशी सही करणारा काय पाहतो? एका पॅचमध्ये एकच बदल आहे ना? तो का हवा, हे साध्या शब्दांत सांगितले आहे ना? स्मृती मागितली आणि मिळालीच नाही, तर पुढे काय होईल? चुकीच्या वाटेने बाहेर पडताना घेतलेली कुलपे उघडली का? आजवर नीट चालणारी एखादी आज्ञावली या बदलाने बंद तर पडणार नाही? मोठा बदल असेल तर त्याचे टप्पे पाडावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर कर्नल चालता राहावा लागतो. भूमितीतल्या सिद्धतेसारखेच हे आहे. उत्तर बरोबर असून भागत नाही, प्रत्येक पायरी वाचणाऱ्याला पटावी लागते.

डोळे असतात, वाचणारे कमी असतात

खुला मजकूर हजारो लोक पाहू शकतात, म्हणून त्यात दोष लपून राहत नाहीत, असे पुष्कळदा म्हटले जाते. इतिहास इतका सरळ नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ या नावाने प्रसिद्ध झालेला दोष दुरुस्त झाला. दोन कामे अगदी अचूक क्षणी एकमेकांत मिसळली, तर फक्त वाचायला दिलेल्या फाइलीवर लिहिता येई. हा दोष २००७ पासूनच्या कर्नलमध्ये वापरता येण्याजोगा होता. त्यावर आपण अकरा वर्षांपूर्वी एक दुरुस्ती केली होती, ती नीट नव्हती आणि मागे घ्यावी लागली, अशी कबुली टोरवाल्ड्स यांनी त्या पॅचच्या टिपणातच दिली. मजकूर नऊ वर्षे सर्वांसमोर उघडा होता. पण पाहता येणे आणि कोणीतरी खरोखर पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. नऊ आठवड्यांचे तास होतात १५१२. म्हणजे रात्रंदिवस, दर तासाला सहाहून अधिक बदल. मुलांकडून हा भागाकार जरूर करून घ्यावा. बदल लिहिणारे पुष्कळ मिळतात, ते सावकाश वाचणारे थोडे असतात, आणि ही टंचाई कोणत्याही यंत्राने अजून पुरती भरून काढलेली नाही.

म्हणूनच २०२१ साली जे घडले त्याची चीड इतकी मोठी होती. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या एका गटाने तपासणीत काय निसटते हे पाहण्यासाठी २०२० मध्ये मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते, तपासणाऱ्यांना न विचारता. एप्रिल २०२१ मध्ये त्याच विद्यापीठातून आणखी निरर्थक पॅच येऊ लागले, तेव्हा मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी तिथून येणारे सगळेच काम थांबवले. त्या विद्यापीठातून आलेले चारशेहून अधिक जुने बदल पुन्हा तपासले गेले. त्यांतले बहुतेक बरोबर निघाले, आणि मुद्दाम पाठवलेले चुकीचे पॅच तपासणीतून पार झाले नव्हते, असेही दिसून आले. गटाने माफी मागितली आणि शोधनिबंध मागे घेतला. पण बरोबर कामाचीही दुसऱ्यांदा तपासणी करण्यात वाचणाऱ्यांचा गेलेला वेळ परत आला नाही. मोडलेला विश्वास पुन्हा सांधायचा तर मागचे सगळे नव्याने वाचावे लागते, एवढी त्याची किंमत असते.

वर्गात करून पाहण्यासारखे

नववी-दहावीच्या वर्गात हे सहज करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याने सिद्धता लिहावी आणि ती तिघांकडे जावी. तिघांनी ‘बरोबर’ अशी खूण करायची नाही. आपण कोणती पायरी तपासली आणि कोणती समजली नाही, हे लिहून खाली पूर्ण नाव घालायचे. काही वह्यांत शिक्षकांनी मुद्दाम चुका पेराव्यात, मात्र तसे करणार असल्याचे मुलांना आधी सांगावे. न समजलेल्या पायरीखाली सही न करता ‘हे मला समजले नाही’ असे किती जण लिहितात, ते पाहावे. पहिल्या दिवशी असे लिहिणारे थोडेच असतील. त्यांच्या वह्या वर्गापुढे वाचून दाखवाव्यात.