'शाम ढले' : एका युगुलगीताचा सामाजिक-सांस्कृतिक इतिहास

प्रस्तावना

चित्रपटगीत हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न अद्यापही अधूनमधून विचारला जातो. राजकीय कागदपत्रे, ताम्रपट, बखरी, वृत्तपत्रे ही इतिहासाची मान्यताप्राप्त साधने होत. त्या तुलनेत तीन-चार मिनिटांचे गाणे हे करमणुकीचे व म्हणून क्षुल्लक मानले जाते. परंतु ज्या गाण्याने स्वातंत्र्योत्तर काळातील एका संपूर्ण पिढीला प्रेम व्यक्त करण्याची भाषा दिली, ज्या प्रकारच्या गाण्यांविरुद्ध शासनाला धोरण आखावे लागले आणि ज्याच्या निर्मितीत मराठी, गोमंतकीय व पंजाबी कलावंतांचे हात एकत्र आले, ते गाणे त्या काळाचा दस्तऐवजच ठरते.

इ.स. १९५१ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'अलबेला' या हिंदी चित्रपटातील 'शाम ढले खिडकी तले' हे लता मंगेशकर व चितळकर यांनी गायिलेले युगुलगीत असाच एक दस्तऐवज आहे. संध्याकाळी खिडकीखाली उभा राहून शीळ घालणारा तरुण आणि त्याला लटक्या रागाने दटावणारी तरुणी, एवढाच त्याचा विषय. या युगुलगीताच्या जन्मामागील व्यक्ती, संगीतप्रवाह आणि त्यानंतर उद्भवलेला अभिरुचीचा संघर्ष यांचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

संगीतकाराची जडणघडण

या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र तथा रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. त्यांचे संगीतशिक्षण दोन परंपरांत झाले. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे आणि नागपूर येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी रागसंगीताचे धडे घेतले. सप्रे यांच्याच विद्यालयात वसंतराव देशपांडेही शिकत होते. पुढे 'पाश्चात्त्य धाटणीचा संगीतकार' म्हणून ओळखल्या गेलेल्या या कलावंताचा पाया विदर्भातील एका गायनशाळेत घातला गेला, ही बाब येथे आवर्जून नोंदविण्याजोगी आहे.

अभिनेता होण्याच्या इच्छेने चित्रपटसृष्टीत आलेले चितळकर मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमवादक म्हणून स्थिरावले. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांनी प्रारंभी तमिळ चित्रपट केले. हिंदीत त्यांना ही संधी १९४२ च्या 'सुखी जीवन' या चित्रपटाने मिळाली. त्याचे दिग्दर्शक होते भगवान आबाजी पालव, म्हणजेच भगवानदादा. नऊ वर्षांनंतर आलेल्या 'अलबेला'ची बीजे या मैत्रीत होती.

१९४७ च्या 'शहनाई'तील 'संडे के संडे' या गीताने सी. रामचंद्र यांचे नाव घरोघरी पोहोचले. १९४९ च्या 'पतंगा'मध्ये शमशाद बेगम व स्वतः चितळकर यांनी गायिलेल्या रंगूनच्या गाण्यात दूरध्वनीवरील संभाषणालाच युगुलगीताचे रूप देण्यात आले. १९५० च्या 'समाधी'तील 'गोरे गोरे' या गीतासाठी तर अमेरिकन चित्रपटातील लॅटिन वळणाच्या एका चालीचा आधार घेण्यात आला. संगीतकार म्हणून 'सी. रामचंद्र' आणि गायक म्हणून 'चितळकर' अशा दोन नावांनी ते वावरत. एकाच व्यक्तीतील ही दुहेरी ओळख त्यांच्या संगीतातही दिसते.

गिरणगावातला नायक

भगवानदादा (१९१३-२००२) हे गिरणी कामगाराचे पुत्र. मूकपटांतून त्यांनी कारकीर्द सुरू केली आणि पुढे अल्प खर्चातील मारधाडीचे चित्रपट काढले. या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः श्रमिक होता. सामाजिक आशयाचा चित्रपट काढण्याचा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला, असे सांगितले जाते. त्यातून 'अलबेला'ची निर्मिती झाली. निर्माता, दिग्दर्शक व नायक अशा तिन्ही भूमिका भगवानदादांनी स्वतः पार पाडल्या. नायिका होत्या गीता बाली आणि गीतकार राजेंद्र कृष्ण.

या चित्रपटाचा नायक प्यारेलाल हा नाटकात काम करण्याचे स्वप्न पाहणारा, घरच्यांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेला गरीब तरुण आहे. तो देखणा नाही, उंच नाही, धनिक तर नाहीच. तत्पूर्वीच्या रुपेरी पडद्यावर प्रेम करण्याचा अधिकार प्रायः जमीनदारपुत्र, कवी वा राजकुमार यांना होता. 'अलबेला'ने तो चाळीत वाढलेल्या सामान्य माणसाला मिळवून दिला. भगवानदादांचे नृत्यही त्याच वळणाचे होते. खांद्यांची व हातांची हलकी हालचाल आणि जागच्या जागी पडणारी पावले कोणालाही सहज जमण्यासारखी होती. त्यामुळेच ती गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत व लग्नाच्या वरातीत उतरली आणि आजतागायत टिकून आहे.

गीताचे स्वरूप : सवाल-जवाब आणि स्विंग

'शाम ढले' हे संवादगीत आहे. त्यात नायिका तक्रार करते, नायक तिची तक्रार उडवून लावतो, ती पुन्हा दरडावते आणि तिच्या दरडावण्यातच होकार दडलेला आहे हे श्रोत्याला उमगते. शीळ हा या गीतातील केवळ उल्लेख नसून त्याच्या संगीतरचनेचा घटक आहे. शिष्टसंमत समाजात असभ्य मानला गेलेला ध्वनी येथे प्रेमाची खूण बनून येतो.

या रचनेला अमेरिकन नृत्यसंगीताचा, विशेषतः स्विंगचा ठेका लाभला आहे. तथापि तिला केवळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना शब्दांत पकडावे, चिडवावे व हरवावे ही रीत महाराष्ट्राला तमाशातील सवाल-जवाबांतून आणि गौळणींतील छेडछाडीतून पूर्वापार परिचित होती. लोकरंगभूमीचा संवाद, राजेंद्र कृष्ण यांची बोलीच्या जवळ जाणारी हिंदुस्थानी आणि परदेशी ठेका या तिन्हींच्या संयोगातून हे युगुलगीत घडले, असे म्हणता येईल. त्याची लोकप्रियता त्यातील परकेपणामुळे जेवढी होती, तेवढीच त्यातील ओळखीच्या सुरामुळेही होती.

येथे काळाचा क्रम लक्षात घेणे उद्बोधक ठरते. बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झाले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत रॉक अँड रोल हा शब्द जगभर पोहोचला. हिंदी चित्रपटातील त्या शैलीचे ठळक उदाहरण म्हणून निर्देशिले जाणारे 'ईना मीना डीका' हे सी. रामचंद्र यांचेच गीत १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील आहे. म्हणजे ज्या स्विंगसारख्या नृत्यसंगीतातून पुढे रॉकची वाढ झाली, ते 'अलबेला'त त्याआधीच मुरले होते. तरुण प्रेमिकांचे गाजलेले रॉक युगुलगीत 'आय गॉट यू बेब' हे सनी व शेर यांनी १९६५ मध्ये गायिले. त्यातील युगुल वडीलधाऱ्यांच्या शंकांना उत्तर देते. 'शाम ढले'मधील युगुलाला मात्र अजून एकमेकांशी उघडपणे बोलण्याचीच मुभा मिळवायची आहे. दोन समाजांतील तारुण्याच्या स्थितीतील हा फरक गीतांच्या रचनेतच नोंदला गेला आहे.

पडद्यामागील गोमंतकीय वादक

हे संगीत प्रत्यक्षात उतरविणारे बहुतांश वादक गोमंतकीय होते. पोर्तुगीज अमलातील चर्चच्या संगीतशाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण मिळाले होते. मुंबईतील हॉटेलांत रात्री जाझ वाजवायचे आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास हजर राहायचे, असा त्यांचा दिनक्रम असे. हळदोणे येथे जन्मलेले ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे निकटचे सहकारी होते. 'अलबेला'मध्ये ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. याच चित्रपटातील 'शोला जो भडके' या दुसऱ्या युगुलगीतातील बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांचा मेळ हा या सहकार्याचा परिपाक होय.

तथापि श्रेयनामावलीत अशा वादकांना व संगीत-संयोजकांना क्वचितच स्थान मिळाले. चाल संगीतकाराच्या नावावर, शब्द गीतकाराच्या नावावर आणि आवाज गायकाच्या नावावर नोंदला गेला. परंतु ज्यांनी त्या चालीला वाद्यांचे शरीर दिले, ते अनामच राहिले. ग्रेगरी बूथ यांचा 'बिहाइंड द कर्टन' (२००८) व नरेश फर्नांडिस यांचा 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या ग्रंथांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. इतिहासलेखनात श्रमिकांचे स्थान शोधणाऱ्या अभ्यासकांनी या वादकांकडे संगीतातील श्रमिक म्हणूनही पाहावयास हवे.

अभिरुचीचा संघर्ष

'अलबेला' प्रदर्शित झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. पाश्चात्त्य वळणाची चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवितात, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताच्या वेळेवर कठोर मर्यादा घालण्यात आल्या. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगण्यावरूनही निर्मात्यांशी वाद झाला. परवाने मागे घेण्यात आले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली.

त्याचा परिणाम अपेक्षेच्या विरुद्ध झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून अमीन सयानी यांच्या निवेदनासह 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून शासनाने लोकांच्या आवडीला मान्यता दिली.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या घटनेला विशेष अर्थ आहे. १९५१ मध्ये हा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाचा तो भाग होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. हिंदी व मराठी या दोन्ही भाषांचा राज्यकारभाराशी संबंध असलेल्या या प्रदेशात हिंदी चित्रपटगीत परके वाटण्याचे कारण नव्हते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर जे ऐकू येईनासे झाले, ते लघुलहरींवरून येथवर पोहोचू शकत होते. सीमा राज्यांच्या बदलल्या, परंतु गाण्याला त्या सीमा लागू नव्हत्या.

या संघर्षाची आणखी एक बाजू विचारात घ्यावयास हवी. ज्या संगीतकाराची गाणी उथळ ठरविली गेली, त्यानेच १९५३ च्या 'अनारकली'मध्ये रागाधारित रचना दिल्या. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी गायिलेल्या 'ऐ मेरे वतन के लोगों' या कवी प्रदीप यांच्या गीताची चालही त्याचीच होती. खिडकीखालची शीळ आणि हुतात्म्यांचे स्मरण ही दोन्ही एकाच प्रतिभेची रूपे होती. उच्च व हीन अशी अभिरुचीची काटेकोर विभागणी या उदाहरणापुढे टिकत नाही.

मान्यतेकडे वाटचाल

पुढील दोन दशकांत चित्रपटगीताकडे पाहण्याची दृष्टी पालटत गेली. १९७० च्या सुमारास आलेल्या 'घरकुल' या मराठी चित्रपटात अमरावतीच्या सुरेश भट यांच्या तारुण्याच्या कवितेला सी. रामचंद्र यांनीच चाल दिली आणि आशा भोसले यांनी ती गायिली. त्याच चित्रपटात ग. दि. माडगूळकर यांचीही गीतरचना होती. हेच माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. चित्रपटगीतांवर ज्याची कीर्ती मोठ्या प्रमाणावर आधारलेली होती, असा कवी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर यवतमाळात विराजमान झाला. १९५२ ते १९७३ या एकवीस वर्षांत झालेल्या परिवर्तनाची ही खूण मानता येईल.

'अलबेला'च्या निर्मात्याच्या वाट्याला मात्र हे स्थैर्य आले नाही. 'झमेला' (१९५३) व 'लाबेला' (१९६६) या चित्रपटांना त्या यशाची पुनरावृत्ती साधता आली नाही. जुहूचा बंगला व मोटारी गमावून भगवानदादा दादरच्या चाळीत परतले आणि लहानसहान भूमिका करीत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटाने त्यांच्या जीवनाची दखल घेतली.

निष्कर्ष

१. 'शाम ढले' हे युगुलगीत पाश्चात्त्य संगीताचे अनुकरण नसून रागसंगीताचे संस्कार, लोकरंगभूमीची संवादरीत व गोमंतकीय वादनकौशल्य यांच्या संगमातून घडलेली रचना आहे.

२. या गीताने व ज्या चित्रपटात ते आले त्याने सामान्य आर्थिक स्थितीतील तरुणाला प्रेमाच्या कथेचा नायक होण्याचा अधिकार दिला.

३. अभिरुची शासकीय आदेशाने घडविता येत नाही, हे आकाशवाणी व रेडिओ सिलोन यांच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

४. चित्रपटगीताच्या श्रेयाची विभागणी विषम राहिली. अनाम वादकांच्या योगदानाची नोंद घेतल्याशिवाय या क्षेत्राचा इतिहास पूर्ण होणार नाही.

महाविद्यालयीन वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांनी आपल्या तारुण्यात कोणती गाणी कोठे व कशी ऐकली, याचे मौखिक संकलन जिल्ह्यातील महाविद्यालयांना आजही करता येण्यासारखे आहे. ती पिढी वेगाने काळाच्या पडद्याआड जात आहे. जे शासकीय दप्तरात नोंदले गेले नाही, ते केवळ त्यांच्या स्मरणात उरले आहे, आणि त्या स्मरणाची नोंद करणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.