दोन मोजण्या, दोन आकडे : ओळींच्या हिशेबाचा इतिहास

जन्म-मृत्यूंच्या सरकारी नोंदवहीत प्रत्यक्षातल्या किती घटना उतरतात, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतातील संख्याशास्त्रज्ञांपुढे होता. १९४७ साली कलकत्त्याजवळील सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरात घरोघरी पाहणी झाली आणि त्या पाहणीची यादी निबंधकाच्या नोंदवहीशी एकेक नोंद लावून ताडून पाहिली गेली. दोन्ही याद्या जुळल्या नाहीत. सी. चंद्रशेखर आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ च्या आपल्या निबंधात ही तफावत दडवली नाही. तिलाच माहितीचे साधन केले.

त्यांची रीत एका काल्पनिक उदाहरणाने समजते. नोंदवहीत ८० जन्म आहेत, पाहणीत ९०, आणि दोन्हींत सापडणारे ७२. म्हणजे ८ केवळ वहीत, तर १८ केवळ पाहणीत. दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन्हींतून निसटलेले जन्म अंदाजे २ आणि खरी संख्या १०० ठरते. देशातील नमुना नोंदणी पद्धती याच दुहेरी नोंदीच्या तत्त्वावर उभी राहिली. १९६४-६५ मध्ये तिची प्रायोगिक सुरुवात झाली आणि १९६९-७० पासून ती पूर्ण प्रमाणावर राबवली जाऊ लागली. तिच्यातही न जुळलेल्या नोंदींची पुन्हा जागेवर जाऊन पडताळणी केली जाते.

पुढे नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली, तेव्हा दोन आकड्यांचा हा पेच एकाच यंत्राच्या आत शिरला. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक टेबल हा गणिती संच होता, आणि संचात एकच घटक दोनदा येत नाही. मात्र १९७४ पासून आयबीएममध्येच घडत गेलेल्या एसक्यूएल भाषेने व्यवहाराची वाट धरली. उत्तरातील पुनरावृत्ती काढून टाकायची तर सगळ्या ओळी एकमेकींशी ताडाव्या लागतात आणि तो खर्च मोठा असतो. म्हणून पुनरावृत्ती तशीच ठेवली गेली. ती नको असेल तर ‘डिस्टिंक्ट’ असे स्पष्ट लिहावे, असा दंडक पडला.

त्यानंतर ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, म्हणजे ओआरएम ही साधने आली. डेटाबेसमधील ओळी घेऊन त्यांचे प्रोग्रामरला हाताळता येतील असे ऑब्जेक्ट बनवणे, हे त्यांचे काम. गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये ‘हायबरनेट’ सुरू केले आणि माइक बायर यांची ‘एसक्यूएलअल्केमी’ २००६ मध्ये आली. ओळ आणि ऑब्जेक्ट या दोन एककांमधील फरक इथे ठळक झाला.

समजा, एका टेबलात चार माता आहेत आणि दुसऱ्यात त्यांची मुले. तिघींना अनुक्रमे एक, दोन आणि तीन मुले आहेत. चौथीला मूल नाही. दोन्ही टेबले साध्या जॉइनने जोडली, तर सहा ओळी येतात आणि चौथी माता नाहीशी होते. आउटर जॉइन वापरला, तर ती परत येते आणि ओळी सात होतात. डेटाबेसला ओळी मोजायला सांगितले, तर तो सात म्हणतो. मुलांचा क्रमांक असलेला रकाना मोजायला सांगितले, तर सहा, कारण रिकामी नोंद मोजली जात नाही. ओआरएम मात्र प्रायमरी की पाहून एकाच मातेच्या ओळी एकत्र करतो आणि चार ऑब्जेक्ट देतो. चार, सहा, सात : तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, प्रश्न तीन निरनिराळे आहेत.

खरा धोका पुढेच आहे. एका मातेची तीन मुले आणि दवाखान्याच्या दोन भेटी एकाच क्वेरीत जोडल्या, तर ओळी सहा होतात, आणि बेसावध मोजणी मुलेही सहा व भेटीही सहा दाखवते. ‘जँगो’च्या अधिकृत दस्तऐवजांत नेमका हाच इशारा दिलेला आहे. उलट, प्रायमरी की म्हणून नेमलेला रकाना प्रत्यक्षात अनन्य नसेल, तर दोन वेगळ्या व्यक्ती एकाच ऑब्जेक्टमध्ये विरघळतात. कोणतीही चूक जाहीर होत नाही. एक बालक यादीतून निमूटपणे गळते.

पुनरावृत्ती परस्पर गाळावी की प्रोग्रामरला विचारावे, यावर दोन साधनांनी विरुद्ध दिशा धरल्या. हायबरनेट पूर्वी जॉइनमुळे आलेले तेच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा देत असे. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते आपोआप गाळू लागले. एसक्यूएलअल्केमीची जुनी क्वेरी पद्धत मुकाट्याने गाळत असे. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या पद्धतीत, जॉइनने मुलांसारखा संग्रह सोबत आणताना, ‘युनिक’ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर चूक दाखवली जाते. एकीने सोय निवडली, दुसरीने जाणीव.

तफावत शोधण्याची वाट मात्र सिंगूरइतकीच जुनी आहे. ओआरएमने प्रत्यक्षात पाठवलेली एसक्यूएल क्वेरी आधी डोळ्यांखालून घालावी. ती थेट डेटाबेसवर चालवून एकूण ओळी मोजाव्यात, मग अनन्य प्रायमरी की मोजाव्यात. कोणत्या की पुन्हा आल्या, कोणत्या रिकाम्या आहेत आणि मूळ टेबलातील कोणत्या उत्तरात पोहोचल्याच नाहीत, याच्या वेगळ्या याद्या कराव्यात. ‘डिस्टिंक्ट’ लावून आकडे जुळवणे सोपे असते, पण त्याने कारण झाकले जाते आणि दुसऱ्या क्वेरीत तीच चूक नव्या आकड्याने परत येते.

सिंगूरमध्येही नुसत्या बेरजा शेजारी ठेवून काही कळले नसते. वहीतील प्रत्येक जन्म पाहणीतल्या जन्माशी लावून पाहिला गेला, म्हणूनच कोणत्याही यादीत नसलेल्या बालकांचा अंदाज बांधता आला.