संकटकालीन भीती आणि मतदान : दक्षिण मुंबई, २००९

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राणांचे मोल देऊन अजमल कसाबला जिवंत पकडणे शक्य केले. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो नागरिक जमले. त्यांचा रोष सर्वच राजकारण्यांवर होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख पायउतार झाले.

हा रोष मतपेटीतून प्रकट होईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. ३० एप्रिल २००९ रोजी गिरगावचा समावेश असलेल्या दक्षिण मुंबई मतदारसंघात जेमतेम ४० टक्के मतदान झाले. काँग्रेसचे मिलिंद देवरा पुन्हा विजयी झाले. मनसेचे बाळा नांदगावकर व शिवसेनेचे मोहन रावले यांच्या मतांची बेरीज देवरांच्या मतांहून अधिक होती. सुशिक्षितांच्या असंतोषाचा चेहरा ठरलेल्या अपक्ष मीरा सान्याल यांची अनामतही जप्त झाली. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने जिंकल्या.

यावरून असे दिसते की, भीती मतदाराला अस्वस्थ करते. परंतु त्या अस्वस्थतेचे मतात रूपांतर होण्यास संघटना आणि विश्वासार्ह पर्याय लागतो. राजकारणाविषयीच्या सरसकट तिरस्कारातून असा पर्याय उभा राहत नाही. विभागलेल्या विरोधकांपुढे सत्ताधारी टिकले. त्याच वर्षी विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले, ही बाब म्हणूनच अनपेक्षित म्हणता येत नाही.