आठ बोर: पाणथळीपासून भट्टीपर्यंत

‘बारा बोरची बंदूक’ हे शब्द आपल्याकडे गावोगाव ऐकू येतात, पण त्यातले बारा कशाचे, हे सहसा कुणी विचारत नाही. हा हिशेब शिशाच्या वजनाचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. म्हणूनच आकडा लहान झाला की नळी मोठी होते. आठ बोरची गोळी दोन औंसांची, चार बोरची चार औंसांची. ठासणीच्या बंदुकांच्या काळातली ही मोजदाद इंग्लंडमध्ये 1868 च्या कायद्याने तक्त्यात बसवली.

एवढ्या रुंद नळ्यांची गरज का पडली, हे समजायचे तर आपल्याला काळ्या दारूपाशी जावे लागते. या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नसे. मग मारा वाढवायचा तर गोळीचे वजनच वाढवणे भाग होते. इंग्रज शिकारी-प्रवासी सॅम्युअल बेकर 1860 च्या दशकात आफ्रिकेत हिंडत होता, तेव्हा त्याच्याजवळ अर्ध्या पौंडाचा गोळा फेकणारी बंदूक होती. तिचे लाडाचे नाव ‘बेबी’. स्वतः धिप्पाड असूनही तिच्या धक्क्यामुळे तो ती क्वचितच उडवी. पाणथळीतल्या शिकाऱ्यांनी या धक्क्यावर वेगळाच उपाय काढला होता. कर्नल पीटर हॉकर याचे शिकारीवरचे पुस्तक 1814 मध्ये निघाले. तळाशी सपाट असलेल्या होडीवर भली थोरली बंदूक बसवून बदके टिपण्याच्या प्रकाराला त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. शिकारी होडीत पालथा पडे, वल्ह्याचा आवाज होऊ न देता थव्याकडे सरके आणि होडी वळवूनच नेम धरी. बंदूक जाड दोराने होडीला जखडलेली असे. बार उडाला की धक्का खांद्याऐवजी होडी सोसे आणि तीच मागे सरके. पौंडभर छर्रे एकदम सुटत. पुढे अमेरिकेत चेसापीक उपसागरावर याच पद्धतीने मारलेली बदके पिंपांत भरून शहरांच्या बाजाराला जाऊ लागली.

मोठ्या बोरचे दिवस मग दोन्ही बाजूंनी भरत आले. 1870 च्या दशकात नळीचे तोंड किंचित आवळण्याची युक्ती रूढ झाली, छर्रे दूरवर एकवट राहू लागले आणि बारा बोरवर भागू लागले. धूर न करणारी दारू आल्यावर 1898 मध्ये रिग्बी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीची .450 रायफल निघाली. हत्तीसाठी चार बोर खांद्यावर वागवण्याचे कारण तिने संपवले. राहिली बदके. तिथे 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याखाली अमेरिकेने दहा बोरपेक्षा मोठ्या बंदुकीला मनाई केली आणि बाजारासाठीची शिकारही बंद पडली. ब्रिटनने मात्र नळीचे तोंड पावणेदोन इंचांपर्यंत चालेल, अशी मर्यादा 1981 मध्ये घातली.

आठ बोरचा शेवट इथेच व्हायचा, पण तिला आसरा मिळाला तो सिमेंटच्या कारखान्यात. फ्रेडरिक रॅन्समने 1885 मध्ये फिरत्या भट्टीचे पेटंट घेतले होते. किंचित कललेल्या या लांबलचक नळकांड्यात चुनखडी आणि माती सुमारे 1450 अंशांपर्यंत तापून सिमेंटचा कच्चा खडा, म्हणजे क्लिंकर, बनतो. कधी कधी अर्धवट वितळलेला माल आतल्या विटांना धरतो, थरावर थर चढतो आणि वाट आवळणारे दगडी कडे तयार होते. ते फोडण्यासाठी भट्टी थंड करावी तर दिवसचे दिवस वाया जातात, शिवाय तापण्या-निवण्याने विटा तडकतात. म्हणून भट्टीच्या तोंडाशी, झरोक्यासमोर, आठ बोरची बंदूक घोडीवर बसवतात. रेमिंग्टन आणि विंचेस्टर या शिकारी काडतुसांच्या कंपन्यांनीच तिची काडतुसे बनवली. आत आग पेटलेली, भट्टी फिरती. विटांना धक्का न लावता नेम धरायचा तो कड्यावर. शिसे 327 अंशांवर वितळते खरे, पण वितळायला सवड मिळण्याआधीच ते आदळलेले असते. एकामागून एक बार होतात, कड्याला भेग पडते आणि स्वतःच्याच भाराने त्याचा एखादा तुकडा सुटून क्लिंकरबरोबर गडगडत खाली येतो.

या काडतुसातली गोळी लांबट असते आणि तिचे वजन भरते तीन औंसांच्या आसपास. म्हणजे पौंडाला जेमतेम पाचच. बंदुकीला मात्र अजून आठ बोरच म्हणतात. एक पौंड शिसे आठ गोल गोळ्यांत वाटणाऱ्या कारागिराचा हिशेब भट्टीच्या तोंडाशीही तसाच चालू आहे.